पाच हजारांची पुस्तकं आणि कपाटाची किल्ली

सर, शाळेसाठी कुठली पुस्तकं घ्यावीत, हा इथं विचारलेला तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातली दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथीची मिळून 31 मुलं, गावच्या माजी विद्यार्थ्यानं मुंबईहून पुस्तकांसाठी पाठवलेले 5000 रुपये, घरी दुसरीतला मुलगा जो मोबाइल खाली ठेवत नाही. आणि शेवटी तुमची ओळ, 'शिक्षकांसाठी आणि पालकांसाठीही काहीतरी सांगा.' बाकीच्यांनी भरभरून नावं दिली आहेत, त्यातली निम्मी मीही दिली असती. पण आधी एक विचारते. तुमच्या शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?

विचारते, कारण माझी पहिली चार वर्षं त्या किल्लीपायी वाया गेली. मीही माणमध्येच रुजू झाले होते. शाळेत पुस्तकं होती, लाकडी कपाट होतं, त्याला पितळी कुलूप होतं. पुस्तक हरवलं तर नोंदवहीत काय दाखवायचं, ही भीती एवढी की तपासणीच्या आदल्या दिवशी तेवढं कपाट उघडायचं, धूळ पुसायची, क्रमांक जुळवायचे आणि परत कुलूप. एका दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडलं तर खालचे दोन कप्पे वाळवीनं पोखरलेले. मुलांच्या हातून दहा वर्षांत फाटली नसती एवढी पुस्तकं तिनं सुट्टीत संपवली, आणि त्यांचं निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून नाव काढणं, एका सहीत झालं. कुणी मला शब्दानंही बोललं नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की नोंदवहीची भीती मी उगाचच बाळगत होते.

त्यानंतर वर्गात मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर सुतळी बांधली आणि पुस्तकं मधोमध उघडून कपडे वाळत घालतात तशी टांगली. मुखपृष्ठ दिसलं की हात आपोआप जातो, पुस्तकाचा नुसता कणा दिसला तर जात नाही. हे करायची तयारी असेल तरच खालचं वाचा. नसेल तर त्या पैशांत पाण्याची टाकी घ्या, माणात तीही लागतेच.

आता खरेदी. शाळेत पिशवी घेऊन विक्रेते येतात, 'पन्नास पुस्तकांचा संच, निम्म्या किमतीत.' घेऊ नका. मी घेतला होता, थोरांच्या चरित्रांचा. सोळा-सोळा पानं, बारीक टाइप, प्रत्येक थोर माणूस गरीब घरात जन्मलेला आणि दिव्याखाली अभ्यास केलेला. तिसरीतल्या एका पोरानं चार वाचली आणि पाचवं हातात घेताना मला विचारलं, "बाई, ह्यो बी गरीबच हुता व्हय?" पुढं त्या संचाला कुणी हात लावला नाही, आणि मी आग्रहही केला नाही.

पहिली-दुसरीसाठी चित्रांची पुस्तकं घ्या, आणि त्यात माधुरी पुरंदरे आधी. 'बाबांच्या मिशा' हे पुस्तक मी तुमच्यासारख्याच गावात पारावर वाचून दाखवलं होतं. बापाच्या मिशांवर जीव असलेल्या मुलीची गोष्ट. समोर आठ-दहा म्हातारे बसलेले, एकेकाच्या मिशा पुस्तकातल्यांना लाजवतील अशा. पोरं पान बघायची, मग आजोबांकडे बघायची, मग हसून लोळायची. दुसऱ्या दिवशी एक आजोबा शाळेत आले आणि म्हणाले, "ते मिशांचं पुस्तक द्या, नातवाकडनं परत ऐकायचंय." आजोबांना अक्षरओळख नव्हती. घरात कुणी वाचणारं नाही म्हणून मुलं वाचत नाहीत, असं आपण बैठकीत म्हणतो ना, ते मी त्या दिवसापासून म्हणायचं सोडलं. घरात ऐकणारं माणूस असलं तरी पुष्कळ होतं.

त्यांचंच 'राधाचं घर' घ्या. घरातल्या एकेका माणसावर छोटं पुस्तक आहे. ते वाचून झालं की मुलं आपापल्या घरातल्या माणसांवर चार ओळी लिहितात, सांगावंही लागत नाही. माझ्या वर्गात एकानं घरच्या बकरीवर लिहिलं होतं, कारण त्याच्या हिशेबात तीही घरातलीच. 'वाचू आनंदे' मात्र मुलांसाठी टांगायला नको, ते तुमच्या टेबलावर राहू द्या. बालगट आणि कुमारगट, दोन्हींचे दोन-दोन भाग आहेत. चांगल्या मराठी लेखनातले निवडक उतारे आणि सोबत तितकीच निवडक चित्रं. परिपाठाला रोज काय वाचून दाखवायचं, हा प्रश्न वर्षभर मिटतो.

कविता विसरू नका. विंदा करंदीकरांचे 'राणीची बाग' आणि 'एटू लोकांचा देश' घ्या. ही पुस्तकं मनात वाचायची नाहीत, मोठ्यानं म्हणायची. ज्यांना जोडाक्षरं अडतात ती मुलं कविता पाठ करून पुस्तकात बोट फिरवत 'वाचतात'. त्यांना थांबवू नका. बोट आणि शब्द यांची गाठ कधीतरी पडते, आणि ती पडताना मुलाचा चेहरा बघायला आपण तिथं असलो तर बरं.

तिसरी-चौथीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा बनेश फेणे आजच्या मुलांना जुना वाटेल, असं कुणीतरी वर लिहिलंय. मला तसं दिसलं नाही. टेलिफोन आणि टपालातली तार यांचा अर्थ एकदा सांगावा लागतो एवढंच, त्याची सायकल आणि त्याचं 'ट्टॉक्' समजावून सांगावं लागत नाही. सगळे भाग एकदम घेऊ नका. दोन घ्या आणि बाकीचे आहेत म्हणून सांगून ठेवा.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' घेतला तर एखादे साहेब म्हणतील, हे कसलं वाचन, पोरगं नुसती चित्रं बघतंय. म्हणू द्या. चौथीत येऊनही अक्षरं जोडून वाचणारी माझी तीन मुलं चिंटूवरच सरळ वाचायला लागली. फुग्यात दोन-तीन शब्द, पुढं काय झालं ते चित्रात. दमायच्या आत विनोद पदरात पडतो.

आता 'श्यामची आई'. वर सगळ्यांनी पहिल्या क्रमांकावर घातलंय, आणि तुमच्या वडिलांचाही तोच आग्रह आहे म्हणता. पुस्तकाविषयी माझ्या मनात काही किंतु नाही. पण चौथीच्या बक्षिसात मी ते सात वर्षं वाटलं आणि पुढं गृहभेटीला गेले की ते देव्हाऱ्याशेजारी नाहीतर टीव्हीवर दिसायचं, वाचलेलं कधी दिसलं नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ते एकट्यानं झेपत नाही. भाषा जुनी, कोकणातलं घर, सोवळं-ओवळं, मरण. चूक माझी होती, पुस्तकाची रचना मी बघितलीच नव्हती. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा 42. श्याम रोज रात्री आश्रमातल्या सोबत्यांना सांगतो आणि ते ऐकतात. म्हणजे ते ऐकायचं पुस्तक आहे, रोज थोडं, दिवे लागल्यावर. तेव्हा वडिलांना म्हणावं, नातवाच्या हातात देऊ नका, तुम्ही वाचा आणि त्यानं ऐकावं. रोज एक रात्र धरली तर दीड महिना आजोबा-नातू जेवणानंतर एका जागी बसतील. मोबाइलबद्दल तुम्ही विचारलंत त्याला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. हिसकावून घेतलेला मोबाइल दुप्पट गोड लागतो.

तुमच्यासाठी. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांआधी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचा, वाचली असेल तर नोकरी लागल्यावर परत वाचा. 1955 सालची आहे. माडगूळ तुमच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातलं, सांगली जिल्हा लागला एवढाच फरक. औंध संस्थानातला एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो आणि बघतो तर शाळेत मुलंच नाहीत, ती मेंढरांमागं गेलेली. त्याची ती पहिली सकाळ वाचताना मी माझ्या पहिल्या नोकरीच्या गावात बसले होते, पटावर बावीस, हजर पाच. मास्तर कुणावर चिडत नाही. आधी वाडी समजून घेतो, कारभाऱ्याशी बोलत बसतो, लोकांची शाळेबाहेरची कामं अंगावर घेतो, आणि मुलं हळूहळू येतात. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. मेंढपाळ आणि ऊसतोडीवाली कुटुंबं तुमच्याकडेही दिवाळीनंतर उठत असतील. त्या शेवटच्या पानांनंतर मी हजेरीपटावर लाल शेरा मारायच्या आधी दोन मिनिटं थांबायला लागले.

गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' मूळ गुजराती, मराठीत मिळतं, लहानसं आहे. त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते पहिल्या दिवसाचं फजितीप्रकरण. नवे प्रयोग करायला निघालेले मास्तर चौथीच्या वर्गाला शांततेचा खेळ शिकवायला जातात आणि पोरं नुसता कल्ला करतात. दुसऱ्या दिवशी ते गोष्ट सुरू करतात आणि वर्ग चिडीचूप होतो. आजूबाजूच्या शाळांचं जे तुमचं केंद्र, त्याच्या शिक्षण परिषदेत भाषणाऐवजी एवढी दोन दिवसांची हकिगत वाचून दाखवा.

कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयाच्या लीलाताई पाटील यांची पुस्तकंही मिळाली तर घ्या. आणि तुमच्या शेजारी फलटणला मॅक्सिन बर्नसन यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं कमला निंबकर बालभवन ही शाळा आहे. एक दिवस रजा टाकून, आधी विचारून, तिथं नुसते बसून या. दहिवडीहून एसटीनं जाऊन-येऊन होतं.

पालकांसाठी एकच पुस्तक सांगेन, 'तोत्तोचान'. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांचं, मराठी केलंय चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी, राष्ट्रीय पुस्तक न्यासानं काढलंय आणि त्यांच्या किमती आपल्याला परवडणाऱ्या असतात. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली मुलगी दुसऱ्या शाळेत जाते. तिथले वर्ग रेल्वेच्या डब्यांत भरतात आणि मुख्याध्यापक पहिल्या दिवशी चार तास तिचं बोलणं ऐकून घेतात. पालक सभेत मी हे चार तासांचं पान वाचलं. सभा पोषण आहार आणि गणवेश यांत संपते नेहमी, त्या दिवशी मात्र बायका उठायला तयार नव्हत्या. एक जण म्हणाली, "चार तास? माझं तर घरातबी कुणी चार मिनिटं ऐकत न्हाई." सगळ्या हसल्या, मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

पुढच्या सभेला डब्याचं प्रकरण वाचलं. त्या शाळेत डब्यात थोडं समुद्रातलं आणि थोडं डोंगरातलं असावं, असा नियम असतो. माणात समुद्र कुठला, असं मी म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या डब्यात बाजरीच्या भाकरीवर सुकटीची चटणी होती आणि ती डबा उघडून मला दाखवायला आली, "बाई, समुद्र." म्हसवडच्या बाजारातून आलेला समुद्र. आठवडाभर वर्गात वास होता.

पैसे संपले तरी वाचायला पुष्कळ उरतं. बालभारतीचं 'किशोर' नोव्हेंबर 1971 पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं वाचनाच्या पायऱ्या लावून ठेवलीत, उतरवून छापून घेता येतात. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरही मराठी पुस्तकांचा ढीग आहे. शाळेत प्रोजेक्टर धूळ खात असेल तर शनिवारी भिंतीवर पान मोठं करून सगळ्यांनी मिळून वाचा, चौथीच्या मुलांनी पहिलीला वाचून दाखवायचं.

खरेदीच्या आधी एकदा भिलारला जा. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मधलं स्ट्रॉबेरीचं गाव, 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव. घराघरांत विषयवार पुस्तकं लावलीत, बालसाहित्यही आहे, बसून वाचायला पैसे पडत नाहीत. माणातून लांब पडेल, एक दिवस मोडेल. पण नावावरून पुस्तक मागवलं आणि आत बारीक टाइप निघाला, असं माझं तीनदा झालंय. तिथं पुस्तक उघडून बघता येतं. जाताना मुलाला न्या, आणि त्याला कुठलं पुस्तक आवडावं हे तुम्ही ठरवू नका. तो तासभर फक्त डायनासोर बघत बसला तर तुमच्या यादीतलं एक नाव कापून डायनासोर लिहा.

पाच हजार एकदम संपवू नका. आता साडेतीन हजारांची घ्या, बाकीचे दिवाळीनंतर, तोवर कुठली पुस्तकं मळली ते कळेल. जी मळली त्यांच्यासारखीच पुढची घ्यायची. दीडशे-दोनशे रुपये रुंद चिकटपट्टी आणि कात्रीसाठी बाजूला काढा आणि ते काम चौथीकडे सोपवा. माझ्याकडे दर शुक्रवारी शेवटच्या तासाला पुस्तकांचा दवाखाना असायचा. आठवड्यात काहीच फाटलं नाही तर डॉक्टर मंडळी नाराज व्हायची.