अमेरिकेने शेजारच्या छोट्या देशांत इतका हस्तक्षेप का केला? साम्यवादाच्या भीतीनेच ना?

साम्यवादाची भीती हे कारण खोटे नाही, पण ते उशिरा आलेले आहे. रशियात क्रांती झाली 1917 साली. अमेरिकेचे मरीन सैनिक निकाराग्वात 1912 मध्ये, हैतीत 1915 मध्ये आणि डोमिनिकन प्रजासत्ताकात 1916 मध्येच ठाण मांडून बसले होते. जगात एकही साम्यवादी सरकार नव्हते तेव्हा. म्हणून हा इतिहास वाचताना मी एक साधा प्रश्न विचारतो: त्या देशाच्या बंदरावरची जकात कोण गोळा करत होते?

जकात अशासाठी, की या देशांचे मुख्य उत्पन्नच ते होते. सरकारे युरोपातल्या सावकारांकडून कर्ज काढायची आणि बंडाळी माजली की हप्ते थकायचे. 1902 च्या डिसेंबरात ब्रिटन, जर्मनी आणि इटली यांनी थकबाकीसाठी व्हेनेझुएलाच्या बंदरांची नाकेबंदी केली. आपल्या अंगणात युरोपची आरमारे बघून वॉशिंग्टन दचकले, आणि ती भीती काही निव्वळ बहाणा नव्हती. त्यातून पनामाच्या कालव्याचे घाटत होतेच. (पनामा तेव्हा कोलंबियाचा भाग होता. कोलंबियाच्या सिनेटने अमेरिकेशी झालेला कालव्याचा करार फेटाळला आणि तीन महिन्यांच्या आत पनामा ‘स्वतंत्र’ झाला. अमेरिकी युद्धनौका किनाऱ्यावर हजर होती, आणि नव्या करारावर पनामातर्फे सही कोणी केली, तर एका फ्रेंच माणसाने!)

1823 साली अध्यक्ष मन्रो यांनी युरोपला बजावले होते की या खंडांत आता नव्या वसाहती नकोत. 1904 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला शेपूट जोडले: शेजारी नीट वागला नाही, देणी बुडवली, तर पोलिसाचे काम आम्हीच करू. लगेच 1905 पासून डोमिनिकन प्रजासत्ताकाची जकात अमेरिकी अधिकारी गोळा करू लागले. त्यातले 45 टक्के तिथल्या सरकारला, 55 टक्के सावकारांना. आपल्याला शाळेच्या पुस्तकातून चौथाई माहीत असते. हे तर निम्म्याच्या वर गेले. ही व्यवस्था 1940 पर्यंत चालली.

हैतीची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. डिसेंबर 1914 मध्ये मरीन सैनिक राजधानी पोर्तोप्रिन्समधल्या राष्ट्रीय बँकेत गेले, तिथले पाच लाख डॉलरचे सोने उचलले, युद्धनौकेवर चढवले आणि न्यूयॉर्कला नेले. भरदिवसा, आणि युद्ध वगैरे काही पुकारलेले नसताना. पुढच्या जुलैत जमावाने हैतीच्या अध्यक्षाला ठार मारले आणि त्याच दिवसांत सुव्यवस्थेच्या नावाखाली सैन्य उतरले, ते 19 वर्षे हलले नाही. हैतीत परक्यांना जमीन घ्यायला स्वातंत्र्यापासून बंदी होती. 1918 च्या नव्या घटनेने ती उठवली. रस्ते बांधले, हे खरे. पण एक जुना कायदा उकरून काढून, बंदुकीच्या धाकाने, वेठबिगारीने बांधले. गुलामांनीच बंड करून 1804 मध्ये जो देश उभा केला, त्या देशात! शार्लमेन पेराल्ट याने बंड उभारले, त्याला 1919 मध्ये मारण्यात आले. सैन्य 1934 मध्ये परतले, पण तिजोरीवरचा अमेरिकी ताबा 1947 पर्यंत राहिला.

सैन्य जाताना रिकाम्या हाताने गेले नाही, मागे एक वारस ठेवून गेले: अमेरिकेने शिकवून तयार केलेले स्थानिक दल. माझ्या मते सगळ्यात लांबलेले नुकसान याचेच. डोमिनिकन दलातून वर आलेला रफाएल त्रुहियो 1930 पासून 1961 मध्ये मारला जाईपर्यंत त्या देशाच्या मानगुटीवर होता. निकाराग्वात मरीनांशी लढलेला सांदिनो 1934 च्या फेब्रुवारीत अध्यक्षांकडे जेवून बाहेर पडला आणि नॅशनल गार्डने त्याला पकडून गोळ्या घातल्या. त्या गार्डचा प्रमुख होता अनास्तासिओ सोमोसा. त्याच्या घराण्याची पकड सुटायला 1979 उजाडले.

आता तुमचा साम्यवाद. ग्वाटेमालाचे निवडून आलेले अध्यक्ष अर्बेन्झ यांनी 1952 मध्ये मोठ्या जमीनदारांची पडीक जमीन भूमिहीनांना वाटायचा कायदा केला. सर्वांत मोठा जमीनदार कोण, तर अमेरिकेची युनायटेड फ्रूट कंपनी. कंपनीने कर भरताना जमिनीची जी किंमत स्वतः दाखवली होती, त्याच हिशेबाने सरकारने सुमारे 6 लाख 27 हजार डॉलर भरपाई देऊ केली. कंपनीच्या बाजूने अमेरिकी परराष्ट्र खात्याने मागितले सुमारे 1 कोटी 58 लाख. कर चुकवायला किंमत पाडून दाखवायची आणि भरपाईला खरी सांगायची! अर्बेन्झ यांच्या मित्रपक्षांत साम्यवादी होते, हेही खरे; त्यामुळे वॉशिंग्टनमधल्या काहींची भीती प्रामाणिक असेलही. जून 1954 मध्ये सीआयएने उभ्या केलेल्या बंडाने त्यांना पायउतार व्हावे लागले. 1960 ते 1996 तिथे यादवी चालली, सुमारे दोन लाख माणसे मेली किंवा गायब झाली. 1999 मध्ये क्लिंटन यांनी तिथे जाऊन अमेरिकेने दिलेली साथ चुकीची होती असे कबूल केले.

चिली, ग्रेनाडा, 1989 चा पनामा हे सगळे यानंतरचे; त्यावर वेगळा प्रश्न विचारा. क्युबा मात्र राहून गेला. 1903 च्या कराराने घेतलेला ग्वांतानामोचा तळ आजही अमेरिकेकडे आहे, आणि दोघांची संमती असल्याशिवाय तो करार संपत नाही. भाडे वर्षाला 4,085 डॉलर. चेक दरवर्षी निघायचा. 1959 च्या क्रांतीनंतर क्युबाने एकच वटवला, बाकीचे कास्त्रोंच्या टेबलाच्या खणात पडून राहिले.