काउंटरवर मुलगीच कशाला?

सप्रेम नमस्कार.

दापोलीजवळच्या तुमच्या 18 खोल्यांच्या हॉटेलबद्दल तुम्ही तीन पानं लिहिलीत आणि मुलीबद्दल चार ओळी. बारावी कॉमर्सला 71 टक्के, तिला पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट करायचंय. पण 'शेवटी घरचंच बघायचंय, बुकिंगचं सॉफ्टवेअर घेतोय, दोन महिन्यांचा कोर्स करून तिने काउंटर सांभाळावा.' मार्कांची मला चिंता नाही. त्या 'शेवटी'ची आहे. अठराव्या वर्षी तिचं पुढचं सगळं तुम्ही ठरवूनही टाकलंत! दिवाळीची आणि मे महिन्याची गर्दी ती तीन वर्षं निभावतेय, असंही तुम्हीच लिहिता. तिचे कष्ट तुम्ही गृहीत धरलेत.

शिवाय 'सिस्टिम बसली की सगळं आपोआप' हा समज आधी डोक्यातून काढा. हॉलिडे इन या अमेरिकन हॉटेल साखळीने 1965 मध्ये आयबीएमच्या मदतीने 'होलिडेक्स' ही आरक्षण प्रणाली सुरू केली. तेव्हापासून अशा मध्यवर्ती आरक्षण प्रणालीचं (सीआरएस) मूळ काम तेच: सगळ्या हॉटेलांच्या शिल्लक खोल्या आणि दर एका जागी ठेवायचे, तिथूनच विकायचे. पण ऑनलाइन किती खोल्या सोडायच्या, लाँग वीकेंडला एकाच रात्रीचं बुकिंग घ्यायचं का, समुद्राकडच्या खोलीचा दर कधी चढवायचा, हे माणसालाच ठरवावं लागतं. मोठ्या साखळ्यांत त्यासाठी रेव्हेन्यू मॅनेजमेंटचं वेगळं खातं असतं. कोकणातल्याच एका हॉटेलात मी रात्री दहाला पोचलो. माझं नाव वहीत होतं, पण फोनवरचं ते बुकिंग सिस्टिममध्ये कुणी चढवलंच नव्हतं. तीच खोली वेबसाइटवरून दुसऱ्या कुटुंबाला गेलेली. त्या बाईंच्या खांद्यावर मूल झोपलं होतं, आणि मॅनेजर वहीची पानं उलटत होता.

तुम्हाला साखळी हॉटेलांची सीआरएस लागणारच नाही. सगळ्या बुकिंग साइट्सवरच्या खोल्या एकदम कमी-जास्त करणारं 'चॅनल मॅनेजर' सॉफ्टवेअर पुरे. गावातला एखादा पदवीधर पगारावर ठेवा, वही बंद करा आणि फोन खाली ठेवायच्या आत बुकिंग चढलंच पाहिजे, हा नियम स्वतःपासून पाळा.

तिच्यासाठी दोन प्रवेश परीक्षा आहेत: आयएचएम या हॉटेल मॅनेजमेंट संस्थांसाठीची एनसीएचएम जेईई आणि राज्याची सीईटी. तारखा ती बघेल.

शिकून ती एखाद्या मोठ्या हॉटेलात लागली आणि परतलीच नाही तर? हा प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही, पण ती तीन पानं त्याच्यामुळेच भरलीत. एकट्याने रेटायची भीती वाटत असेल तर तिला तसं सरळ सांगा. कोर्सचं निमित्त करू नका.