ठाण्याच्या खाडीत कायाकिंग करताना फोटोंसाठी कोणता वॉटरप्रूफ कॅमेरा घ्यावा आणि तो कसा वापरावा?

तुम्ही ऐरोलीला राहता, कायाकिंग नव्याने सुरू केले आहे आणि मोबाईल पाण्यावर न्यायची धास्ती वाटते. तेव्हा १५ मीटरपर्यंत चालणारा छोटा कॅमेरा घ्यावा की ३० मीटरचा, आणि त्यातून फ्लेमिंगो टिपता येतील का, असे तुम्ही विचारले आहे. मी ठाण्यात राहतो आणि वल्हवताना असाच एक कॅमेरा जवळ बाळगतो. माझ्या मते या निवडीत मीटरच्या आकड्याला सर्वांत कमी महत्त्व द्यावे.

तो आकडा पाण्याखाली उतरणाऱ्यांच्या कामाचा असतो. निकॉनचा डब्ल्यू३०० हा ३० मीटरपर्यंत, पॅनासॉनिकचा एफटी७ हा ३१, फुजीफिल्मचा एक्सपी१४० हा २५, रिकोचा डब्ल्यूजी-६ हा २० आणि ऑलिंपसचा टीजी-६ हा १५ मीटरपर्यंत चालतो. कायाकमध्ये कॅमेऱ्यावर येतात ते वल्ह्याचे शिंतोडे, एखादी लाट आणि फार तर होडी उलटल्यावर क्षणभराची बुडी. एवढ्याला १५ मीटर पुष्कळ झाले. आपल्या खाडीत धोका वेगळाच आहे. पाणी इतके गढूळ आणि तळाचा गाळ इतका मऊ आहे की हातातून सुटलेला कॅमेरा दोन मीटरवर असला तरी सापडत नाही, मग तो आतून कितीही कोरडा राहिलेला असो. हे सगळे कॅमेरे पाण्यात बुडतात, म्हणून कॅमेऱ्याबरोबरच तरंगणारा पट्टा घ्यावा. टीजी-६ चे वजन बॅटरीसह २५० ग्रॅमच्या आसपास आहे आणि काही स्वस्त पट्टे एवढे वजन पेलत नाहीत, म्हणून नवा पट्टा आधी घरच्या बादलीत कॅमेऱ्यासकट तरंगवून पाहावा. पट्टा गळ्यात मात्र घालू नये, कारण होडी उलटल्यावर तो वल्ह्यात किंवा दोरीत अडकू शकतो. आखूड दोरीने कॅमेरा लाइफ जॅकेटच्या कडीला बांधून जॅकेटच्या पुढच्या खिशात ठेवणे सोयीचे पडते.

निवड करताना पाहायची ती लेन्स. टीजी-६ आणि २०२३ मध्ये ओएम सिस्टिम या नावाने आलेला टीजी-७ यांची लेन्स रुंद कोनात एफ/२ इतकी उघडते (हा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश), तर एक्सपी१४० ची एफ/३.९ इतकीच. म्हणजे पहिलीतून जवळजवळ चौपट प्रकाश आत येतो, आणि पहाटेच्या उजेडात हलत्या होडीतून फोटो काढणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. टीजीमध्ये आणखी एक गोष्ट मला आवडते: त्याला टचस्क्रीन नाही, सगळे काम बटणांवर चालते. ओल्या बोटांनी मोबाईलच्या पडद्याशी झटापट केलेल्या कोणालाही हे पटेल. उणे बाजूही सांगायला हवी. या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, लहान असते आणि कोरड्या जागी चांगला मोबाईल बहुधा त्यांच्यापेक्षा सरस फोटो देतो. पैसे मोजायचे ते ओल्या हाताने, निर्धास्तपणे वापरता येण्याचे. गोप्रोसारखा कॅमेरा होडीच्या टोकाला लावून व्हिडिओ घ्यायला उत्तम, पण त्याच्या अतिरुंद कोनात समोरचा तिवरांचा काठ बारीक रेघ होऊन जातो. मोबाईलसाठी मिळणाऱ्या पारदर्शक पिशव्यांची शिफारस मी करणार नाही, कारण उन्हात त्या आतून धुरकटतात आणि मोबाईलही तापतो.

फ्लेमिंगोंबद्दल स्पष्टच सांगतो: या कॅमेऱ्याने त्यांचा नाद सोडावा. टीजीची झूम १०० मिलिमीटरला संपते. त्या टोकाला ५० मीटरवरची चौकट सुमारे १३ मीटर उंच असते आणि तिच्यात मीटरभराचा पक्षी ठिपक्यासारखा दिसतो. त्याहून जवळ गेल्यास थवा उठतो, आणि तसे मुद्दाम करणे गैर आहे. खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला. त्यामुळे आपण जिथे वल्हवणार तिथल्या परवानगीची चौकशी वन खात्याच्या कांदळवन कक्षाकडे आधीच करावी. शिवाय फ्लेमिंगोंना चरायला उघडा चिखल लागतो आणि आपल्याला होडीखाली पाणी लागते. भरतीने चिखलपट्टे झाकले की त्यांतले बरेच पक्षी नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळ जागांकडे वळतात. तेव्हा फ्लेमिंगोंसाठी मोठी लेन्स घेऊन काठावर उभे राहावे, आणि होडीतून पुढचा सोबती, कोळ्यांच्या होड्या, तिवरांची मुळे आणि पाण्यातली प्रतिबिंबे टिपावीत. रुंद लेन्सचे खरे काम तेच आहे.

त्यासाठी सकाळचा उजेड आणि भरती एकाच वेळी मिळायला हवी, आणि इथे पंचांग उपयोगी पडते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, आणि अमावास्या-पौर्णिमेला (पंधरावी तिथी) सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. म्हणजे उधाणाच्या, मोठ्या भरतीच्या दिवसांत भरती ऐन डोक्यावरच्या उन्हात येते आणि पहाटे खाडीत नुसता गाळ असतो. उलट भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, दोन्ही पक्षांतल्या नवमी-दशमीच्या आसपास, उजाडताना पाणी चढत असते. ऐरोलीपर्यंत पाणी पोहोचायला मुंबई बंदरापेक्षा थोडा उशीर लागतो, म्हणून हा हिशेब दिवस निवडण्यापुरता धरावा आणि नेमकी वेळ छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी.

प्रत्यक्ष फोटो काढताना वल्हे मांडीवर आडवे ठेवून कोपरे अंगाशी घ्यावीत. टीजीमध्ये शटरचा वेग थेट ठरवता येत नाही, म्हणून अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) पूर्ण उघडून आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४०० किंवा त्याहून वर न्यावा, म्हणजे पुरेशा उजेडात वेग आपोआप १/५०० सेकंदाच्या पुढे जातो. पाण्यावरची चकाकी जळून जाऊ नये म्हणून एक्स्पोजर थोडे उणे ठेवावे आणि पडद्यावर ग्रिड चालू ठेवावी, कारण हलत्या होडीतून क्षितिज हटकून तिरके येते.

सर्वांत जास्त फोटो वाया जातात ते लेन्सवरच्या थेंबांनी. या कॅमेऱ्यांची पुढची काच बाहेरच्या बाजूला जवळजवळ सपाट बसवलेली असते आणि कोन रुंद असल्याने एकच थेंब फोटोच्या मधोमध दुधी डाग होऊन बसतो. छोट्या पडद्यावर तो दिसतही नाही, घरी गेल्यावर दिसतो. स्वच्छ पाण्यात वल्हवणारे काही जण काच जिभेने ओली करतात, म्हणजे पाणी थेंब न होता पसरते. ठाण्याच्या खाडीत हा प्रयोग कृपया करू नये. खाडीचे पाणी वाळले की काचेवर गाळाचा पापुद्रा राहतो, म्हणून प्यायच्या बाटलीतले पाणी ओतून झटकावे आणि झिपच्या पिशवीत कोरडा ठेवलेला मऊ कपडा फक्त टिपायला वापरावा. गाळासकट घासले तर काचेवर चरे पडतात.

परतल्यावर झाकण उघडायची घाई करू नये. आधी कॅमेरा नळाच्या पाण्यात काही मिनिटे बुडवून ठेवावा, बटणे दाबून कडांतले खारे पाणी निघू द्यावे आणि सावलीत वाळवावा. मग बॅटरीच्या झाकणाभोवतीची रबरी सील उजेडात तिरकी धरून पाहावी. वाळूचा एक कण किंवा टॉवेलचा एक धागा तिच्यावर आडवा पडला असेल, तर पुढच्या वेळी पाणी तेवढ्याच फटीतून आत शिरते. धक्क्यावर उभे राहून, दमट हवेत आणि चिखलाच्या हातांनी बॅटरी बदलणे म्हणूनच टाळावे. निघताना पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आणि मोठे कार्ड घातले की झाकणाला हात लावायची गरज उरत नाही. ही सील वर्षातून एकदा बदलून घ्यावी लागते, तेव्हा खरेदीपूर्वी ते काम जवळपास कोण करते आणि पाणी शिरल्यास वॉरंटी लागू होते का, हे दुकानदाराकडून लेखी घ्यावे. वर सांगितलेल्यांपैकी काही मॉडेले आता जुन्या बाजारातच मिळतील. तशी घेताना सीलचे वय कळले नाही, तर ती बदलण्याचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा.