अटेन्शनचा टॉपिक सुरू करताय? आधी हेडफोन घ्या

अरे, मानसशास्त्रात अटेन्शन म्हणजे लक्ष, आणि नको ते गाळून आपण हवं तेवढंच कसं ऐकतो हे सांगते ती फिल्टर थिअरी. तिच्या व्याख्या पाठ करत बसू नकोस, मी पहिल्या वर्षी तेच केलं आणि परीक्षेनंतर आठवड्यात सगळं साफ. आधी कॉलिन चेरीचा १९५३ चा प्रयोग स्वतःवर करून बघ, म्हणजे डाव्या कानात एक बातमीपत्र, उजव्या कानात दुसरं, आणि एकाच बाजूचं ऐकत ऐकत मोठ्याने म्हणत जायचं, ह्याला शॅडोइंग म्हणतात. दुसऱ्या कानातलं काय आठवतं? आवाज बाईचा की बाप्याचा एवढं कळतं, मजकूर जवळजवळ शून्य.

ह्यावरूनच मानसशास्त्रज्ञ ब्रॉडबेंटने १९५८ मध्ये मांडलं की आवाज कुठून येतो, कुठल्या पट्टीत आहे ह्यावर आधीच गाळणी लागते, अर्थ नंतर. पटतं ना? पण मग लग्नाच्या हॉलमधल्या कलकलाटात मागून कोणी तुझं नाव घेतलं की कान टवकारतात ते कसं? नेव्हिल मोरे (Moray) ह्या संशोधकाने १९५९ मध्ये हेच तपासलं, आणि नाव कळलं ते साधारण एक तृतीयांश लोकांनाच, "सगळ्यांना कळतं" असं पेपरात लिहू नकोस, बरेच जण तिथेच गंडतात. नंतर मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन ट्रीझमन म्हणाली की दार पूर्ण बंद होत नाही, आवाज फक्त बारीक होतो, आणि स्वतःच्या नावासारख्या शब्दाला तेवढाही पुरतो. मला हेच जास्त पटतं.

१९९९ चा गोरिलाचा व्हिडिओ नंतर बघ, तो डोळ्यांचा मामला, बॉलचे पास मोजण्यात गुंतलेल्या बऱ्याच जणांना मधून जाणारा गोरिला दिसतच नाही. मित्राला दाखवशील तर आधी काही बोलू नकोस, फक्त बॉलचे पास मोजायला लाव.