ब्युटेन आणि आयसोब्युटेन यांचं रेणुसूत्र एकच, मग नावं दोन का?

कारण अणू तेवढेच असले तरी जोडणी वेगळी आहे. दोन्हींत ४ कार्बन आणि १० हायड्रोजन. ब्युटेनमध्ये चारही कार्बन एका साखळीत, आयसोब्युटेनमध्ये तीन साखळीत आणि चौथा मधल्याला चिकटलेला. यालाच रचना समघटकता म्हणतात, आणि अशा संयुगांना एकमेकांचे समघटक.

हा फरक नुसता कागदावरचा नाही. ब्युटेन साधारण उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतं, आयसोब्युटेन उणे ११.७ ला. फांदी असलेला रेणू गोळीसारखा आटोपशीर होतो, शेजारच्या रेणूला कमी चिकटतो, म्हणून लवकर सुटतो. घरातल्या बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये थंडावा आणणारा वायू हाच आयसोब्युटेन.

आता पेंटेनचे (यात ५ कार्बन) समघटक काढायला सांगितले की हमखास चूक होते: मुलं साखळी काटकोनात वळवतात आणि 'सर, हा नवीन!' म्हणतात. नवीन नाही. भिजवलेले पाच हरभरे टूथपिकनी ओळीने जोडा आणि टोकाचा हरभरा फिरवा. काही तुटलं का? नाही ना, मग रेणू तोच. टूथपिक उपसून दुसरीकडे खोचावी लागली, तरच नवा समघटक मिळण्याची शक्यता.

काढताना सर्वांत लांब साखळीपासून सुरू करा: आधी पाचाची, मग चाराची आणि एक फांदी, मग तीनाची आणि मधल्यावर दोन फांद्या. संपलं, तीनच. चाराच्या साखळीत फांदी दुसऱ्यावर लावा की तिसऱ्यावर, एकच. उलट्या टोकाने मोजून बघा.

हेक्झेनचे (६ कार्बन) पाच होतात, ते स्वतः काढा. डेकेनच्या (१० कार्बन) वाटेला मात्र जाऊ नका, तिथे ७५ आहेत.