प्रसूतीनंतर आलेली फिट आणि मेंदूची सूज

प्रश्न : बहिणीच्या प्रसूतीनंतर पाचव्या दिवशी तिचं डोकं ठणकू लागलं, दिसेनासं झालं आणि फिट आली. रक्तदाब १७०/११० होता. एमआरआय पाहून डॉक्टरांनी ‘प्रेस’ असं निदान केलं. सूज ओसरते म्हणतात, मग अतिदक्षता विभाग कशाला? आणि फिटच्या गोळ्या कायमच्या का?

उत्तर : ओसरते, पण वेळेवर उपचार झाले तर. ‘प्रेस’ म्हणजे पोस्टीरिअर रिव्हर्सिबल एन्सेफॅलोपॅथी सिंड्रोम, मेंदूच्या मुख्यतः मागच्या भागात येणारी आणि ओसरू शकणारी सूज. १९९६ साली ज्युडी हिंची आणि सहकाऱ्यांनी १५ रुग्णांच्या अभ्यासातून त्याचं वर्णन केलं. रक्तदाब वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून आतला प्रवाह सांभाळतात. दाब फार चढला किंवा वाहिन्यांचं अस्तरच दुखावलं, की पाणी बाहेर झिरपतं. मेंदूच्या मागच्या भागातल्या वाहिन्यांना हे संरक्षण कमी असतं, आणि दृष्टीचं केंद्र तिथेच आहे. म्हणून डोळे तपासले तर ठीक निघतात, तरी बाईला समोरचा माणूस दिसत नाही.

बाळंतिणीत याचं मूळ बहुधा एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणाशी निगडित रक्तदाब वाढून येणारी फिट, असतं, आणि ती प्रसूतीनंतरही सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकते. मूत्रपिंडाचे आजार, ल्युपस (प्रतिकारशक्तीच स्वतःच्या शरीरावर उलटण्याचा आजार), अवयव प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन ही औषधं आणि काही केमोथेरपी ही इतर कारणं. औषध कारणीभूत असेल तर ते डॉक्टरच कमी करतात किंवा बदलतात. स्वतःहून थांबवू नये.

अतिदक्षता विभाग लागतो तो मुख्यतः दोन गोष्टींसाठी. रक्तदाब शिरेतून औषध देऊन उतरवायचा, पण एकदम नाही : पहिल्या काही तासांत साधारण २० ते २५ टक्केच. घाईने उतरवला तर मेंदूला रक्त कमी पडून पक्षाघात होऊ शकतो. दुसरं, फिट पुन्हा येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेट. सुरुवातीला शिरेतून ४ ग्रॅम, १५ ते २० मिनिटांत, मग बहुधा तासाला १ ग्रॅम, शेवटच्या फिटनंतर २४ तास. ते अंगात साठलं तर श्वास मंदावतो. म्हणून परिचारिका वारंवार गुडघ्यावर हातोडी मारून पाहतात. पाय उडायचा थांबला, तर औषध तिथेच थांबवतात. श्वास आणि लघवीही मोजतात. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी असतं.

बहुतेकांना काही दिवसांत बरं वाटतं. एमआरआय निवळायला आठवडे लागतात. रक्तस्राव झाला किंवा पेशींना रक्त मिळालं नाही, तर मात्र व्रण राहतो. असं काही नसेल आणि फिट परत आली नसेल, तर गोळ्या सहसा हळूहळू बंद करता येतात, मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने.

घरी गेल्यावर रोज रक्तदाब मोजा. १६०/११० च्या वर गेला, डोकं ठणकलं किंवा धूसर दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, लगेच रुग्णालय गाठा. पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत हा आजार सांगा. रक्तदाबाचा हा त्रास पुन्हा टाळण्यासाठी कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन साधारण बाराव्या आठवड्यापासून द्यायचं का, ते तेव्हाच ठरवावं लागतं.