जिओडेसिक रेषा आणि आयगनफंक्शनची वाढ यांचा संबंध काय?

मडगावच्या एका एमएस्सी विद्यार्थ्याने हे विचारलंय. थोडक्यात उत्तर: एका बिंदूतून सुटलेल्या पुष्कळ जिओडेसिक रेषा (पृष्ठभागावरच्या सरळात सरळ वाटा) त्याच बिंदूत परतत असतील, तरच आयगनफंक्शन (पृष्ठभागाचं ठरावीक वारंवारतेचं कंपन) वारंवारतेबरोबर तिथे कमाल वेगाने वाढू शकतं.

गोल घ्या. उत्तर ध्रुवावरून निघालेली प्रत्येक वाट, आपल्या पणजी शहराजवळून जाणारीसुद्धा, दक्षिण ध्रुवातून जाऊन तेवढंच अंतर कापून परत येते. लाटाही एकाच वेळी परततात आणि एकमेकींत भर घालतात. एल (कंपनाचा क्रमांक; तो मोठा तशी वारंवारता मोठी) = १०० चं झोनल हार्मोनिक, म्हणजे ध्रुवाभोवती सममित असलेलं गोलाचं आयगनफंक्शन घ्या; गोलाची त्रिज्या १ आणि फंक्शनच्या वर्गाचं गोलावरचं संकलन १ धरा. ध्रुवावर किंमत जवळपास ४ येते. वर्गसरासरीचं वर्गमूळ मात्र ०.२८. हे कागदावर करून बघाच, फार सुंदर आहे!

बंद द्विमितीय पृष्ठभागावर ही उंची वारंवारतेच्या वर्गमुळाहून वेगाने वाढत नाही. गोल ती मर्यादा गाठतो. गणितज्ञ सॉगी आणि झेल्डिच यांनी २००२ मध्ये दाखवलं की ती गाठायला असा बिंदू लागतोच, जिथे परतणाऱ्या दिशांचं माप (सगळ्या दिशांमधला त्यांचा वाटा) शून्याहून जास्त असतं. सपाट टोरसवर (समोरासमोरच्या कडा जोडलेला सपाट चौकोन) ते शून्य, म्हणून वाढ कमी. ऋण वक्रतेच्या (सगळीकडे घोड्याच्या खोगिरासारखा वळलेल्या) पृष्ठभागावर गणितज्ञ बेरार यांनी १९७७ मध्येच ही मर्यादा वारंवारतेच्या लॉगच्या वर्गमुळाने भागण्याइतकी खाली आणली होती.

उलट दिशेने सावध राहा: रेषा परतल्या म्हणून फंक्शन उंच होईलच असं नाही.